केरळचे कालवे बोटीने: हाउसबोट, सरकारी बोट की वल्ह्याची होडी?

वाटसरू_४१२
डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात सहा जण अलेप्पीला (अलप्पुळा) जातोय. नेत्रावतीने, म्हणजे उतरणं थेट अलेप्पी स्टेशनावर. दोघं सत्तरीपुढचे, गुडघे दुखणारे. एक चार वर्षांचं पोर. दोघं शाकाहारी. हातात दोन पूर्ण दिवस.
जो तो एजंट दुपारी १२ ते दुसऱ्या दिवशी सकाळी ९ हे हाउसबोटीचं पॅकेज गळ्यात मारतोय. फोटोत मात्र नारळ वाकलेले, घरं हाताच्या अंतरावर, असे अरुंद कालवे दिसतात. हाउसबोट तिथून जाते का? नसेल तर काय घ्यावं? जाणकारांनी तपशिलात लिहा.

खारफुटी
नाही जात. ते फोटो शिकाऱ्यातून (छपराची लहान इंजिनबोट) किंवा वल्ह्याच्या होडीतून काढलेले असतात. एका बेडरूमची हाउसबोटही साठ-सत्तर फूट लांब असते, दोन-तीन बेडरूमची त्याहून मोठी. अशी बोट अरुंद कालव्यात वळतच नाही.

पॅकेजचा हिशेब असा मांडा. बारा म्हणजे चढण्याची वेळ. हलेपर्यंत साडेबारा होतात. जेवणासाठी तासभर काठाला बांधतात. साडेपाचच्या सुमारास रात्रीसाठी नांगरायचं, कारण त्यानंतर मच्छीमार जाळी टाकतात आणि बोटीच्या इंजिनाच्या पंख्यात जाळं अडकलं तर दोघांचंही नुकसान. सकाळी नाश्ता करून परतीचा तासभर. म्हणजे बोट प्रत्यक्षात चालते चार ते पाच तास. बाकीचा वेळ तुम्ही पाण्यावरच्या लॉजमध्ये असता. तेच हवं असेल तर उत्तम, पण 'कालवे बघायला' म्हणून हाउसबोट घेऊ नका.

एर्नाकुळमकर
खारफुटींशी सहमत. सरकारी बोटींचं मी लिहितो, कारण पर्यटकांच्या लेखांत त्यांना दोन ओळींपलीकडे जागा मिळत नाही.

राज्य जलवाहतूक विभाग १९६८ पासून आहे, मुख्यालय अलेप्पीतच. बोट जेटी आणि एसटी स्टँड (तिथली केएसआरटीसी) शेजारी शेजारी. रेल्वे स्टेशन मात्र समुद्राच्या बाजूला, जेटीपासून सुमारे चार किलोमीटर, रिक्षा करा.

अलेप्पी–कोट्टयम बोट घ्या. अडीच तास, भाडं तीस रुपयांच्या आसपास. पहिली सकाळी साडेसातच्या सुमाराला सुटते. वेळा बदलतात, म्हणून आदल्या संध्याकाळी खिडकीवर विचारून ठेवा. बोटीवरच्या पाट्या बहुतेक मल्याळममध्ये असतात. चढण्याआधी गावाचं नाव मोठ्याने म्हणून खात्री करा, कारण त्याच जेटीवरून नेडुमुडी, कावालम, पुलिंकुन्नू, कैनकरी अशा अनेक दिशांना बोटी जातात.

बसायचं डाव्या बाजूला. बोट साधारण पूर्वेकडे जाते आणि डिसेंबरात सकाळचं ऊन उजवीकडून येतं. आधी पुन्नमडा, मग वेंबनाड कायलाचा (कायल म्हणजे समुद्राला जोडलेलं खाजणी सरोवर) उघडा तुकडा, पुढे आर ब्लॉकची शेतं, आणि शेवटी कोट्टयमकडचा चिंचोळा कालवा. त्यावरचे पादचारी पूल इतके खाली आहेत की बोट आली की ते उचलावे लागतात. तुमच्या फोटोतला कालवा बऱ्यापैकी हाच.

कुळागर
एर्नाकुळमकर, ज्येष्ठांना अडीच तास त्या बोटीत बसवण्याआधी हेही सांगा की आत स्वच्छतागृहाचा भरवसा धरता येत नाही, बाक लाकडी किंवा फायबरचे, आणि जेटीवरून बोटीत पाय टाकताना पाऊण-एक फुटाचा फरक असतो. बोट दोरीने घट्ट बांधत नाहीत, धरून ठेवतात. गुडघे दुखणाऱ्या माणसाला ती एक उडीच.

सरसकट हाउसबोटीवर फुली मारू नका. पलंग, पंखा, बाथरूम, वेळेवर जेवण आणि पोराला पळायला जागा, हे सगळं एकत्र तिथेच मिळतं.

एर्नाकुळमकर
मान्य. उपाय आहे: कोट्टयमऐवजी नेडुमुडी किंवा कैनकरीपर्यंत जाऊन त्याच मार्गाच्या बोटीने परत या. चढताना कर्मचाऱ्याला खुणेने सांगा, तो हात देतो. रोज म्हाताऱ्या माणसांना, शाळेच्या पोरांना चढवणं हे त्याचं कामच आहे. पाय टाकायचा बोटीच्या मधल्या भागात, काठावर नाही. सकाळी आठ ते साडेनऊ आणि दुपारी चारनंतर शाळा-ऑफिसची गर्दी असते, ती टाळा.

कोचीत थांबणार असाल तर वॉटर मेट्रो ज्येष्ठांसाठी सर्वांत सोपी. एप्रिल २०२३ मध्ये हायकोर्ट–वायपीन आणि व्यट्टिला–काक्कनाड या मार्गांनी सुरू झाली. धक्के तरंगते आहेत, भरती-ओहोटीबरोबर वरखाली होतात, त्यामुळे बोटीचा तळ आणि धक्का एका पातळीत राहतो. व्हीलचेअर सरळ आत जाते. व्यट्टिला–काक्कनाड मार्ग कालव्यासारखा शांत आहे. बोटी बॅटरीवरच्या, आवाज जवळपास नाहीच.

पानवेल
कुट्टनाडमध्ये, म्हणजे अलेप्पीभोवतीच्या सखल भातशेतीच्या पट्ट्यात, काय दिसेल हे महिन्यावर ठरतं, आणि याबद्दल कुणी एजंट बोलत नाही.

इथली शेतं समुद्रसपाटीच्या खाली आहेत, साधारण अर्ध्या मीटरपासून दोन मीटरच्या थोडं पुढेपर्यंत. कालव्याचं पाणी वर, भात खाली, मध्ये चिखल-दगडाचा बांध. बोटीत बसून तुम्ही शेताकडे वरून बघता. पंपा, मणिमला, अच्चनकोविल, मीनाच्चिल या नद्या इथे येऊन पसरतात. कायलातलं पाणी हटवून केलेली मोठी शेतं, म्हणजे चित्तिरा, मार्तांडम, आर ब्लॉक, ही विसाव्या शतकातली. या सगळ्या पद्धतीला २०१३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने वारसा म्हणून मान्यता दिली.

मुख्य पीक पुंजा, म्हणजे पावसाळ्यानंतरचा भात. पावसाळा सरला की ऑक्टोबर-नोव्हेंबरात शेतातलं पाणी उपसतात. त्यासाठीचा देशी पंप म्हणजे 'पेट्टी-परा': उभ्या नळात फिरणारी पाती आणि बाजूला पाणी फेकणारी लाकडी पेटी. बांधावरच्या पत्र्याच्या शेडमधून काळसर पाणी कालव्यात कोसळताना दिसलं की समजा पंप चालू आहे. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात तुम्हाला कुठे नुकतीच पेरणी, कुठे विटकरी चिखल, कुठे पोपटी रोपं असं मिश्र चित्र दिसेल. गर्द हिरवं हवं असेल तर जानेवारीचा शेवट ते फेब्रुवारी. मार्च-एप्रिलमध्ये कापणी, आणि त्यानंतर सांडलेल्या दाण्यांवर बदकांचे हजारोंचे कळप सोडतात. एप्रिल-मेमध्ये शेतं ओसाड दिसली म्हणून नाराज होणाऱ्यांनी आधी हे वाचावं.

दुसरा मुद्दा तण्णीरमुक्कमच्या बांधाचा. समुद्राचं खारं पाणी भातात येऊ नये म्हणून वेंबनाडवर आडवा बांध आहे, १९७६ पासून चालू. दारं डिसेंबरच्या मध्यात बंद करून मार्चच्या मध्यात उघडायची असा मूळ बेत, प्रत्यक्षात उघडायला अनेकदा एप्रिल उजाडतो. दारं बंद असली की दक्षिणेकडचं पाणी तुंबतं, आणि गोड्या साचल्या पाण्यात जलपर्णी माजते. खारं पाणी आलं की तीच जलपर्णी मरते. म्हणजे तुम्ही बरोबर बंद होण्याच्या तोंडावर जाताय. जानेवारी-फेब्रुवारीपेक्षा पाणी बरं असेल.

तांडेल
जलपर्णीवरून आठवलं, पंखा अडकतो तेव्हा काय होतं ते लिहितो. पाण्यावर थांबावं लागलं की लोक उगाच घाबरतात.

देठ आणि मुळं पंख्याच्या दांड्याला गुंडाळतात. इंजिनाचा आवाज जड होतो, बोट थरथरते, वेग पडतो. चालक आधी न्यूट्रल करतो, मग क्षणभर रिव्हर्स, पुन्हा पुढे. दोनदा-तीनदा असं केल्यावर बहुतेक सुटतं. नाही सुटलं तर इंजिन बंद करून कोयत्याने कापायचं. आउटबोर्ड (बोटीच्या मागे बाहेरून लावलेलं इंजिन) असेल तर यंत्रच वर उचलून. जास्त काळजीची गोष्ट वेगळी: थंड करणारं पाणी आत घेणारी जाळी पानांनी बुजते आणि इंजिन तापतं. धुराच्या नळीशेजारून पडणारी पाण्याची धार थांबली किंवा वाफ दिसली तर चालकाला सांगा, त्याचं लक्ष पुढे असतं.

वारा हा दुसरा विषय. कालव्यात तो जाणवत नाही, वेंबनाडच्या उघड्या पाण्यावर जाणवतो. दुपारनंतर समुद्राकडून वारा येतो आणि उथळ पाण्यात आखूड, उभी लाट तयार होते. हाउसबोट वरून उंच, खालून सपाट. बाजूने वारा लागला की ती वाऱ्याबरोबर सरकते. म्हणून शहाणा चालक दुपारी कायलाच्या मध्ये न जाता काठ धरतो. 'मध्ये घ्या, फोटो काढायचाय' असा आग्रह करू नका. लहान शिकारा असेल तर कायल सकाळी उरकून घ्या.

बांधणीबद्दल थोडं. जुनी केट्टुवळ्ळम म्हणजे भात वाहणारा पडाव. फणसाच्या जातीतल्या आंजिलीच्या फळ्या काथ्याच्या दोरीने शिवलेल्या, खिळा नाही. सांध्यांत नारळाचा काथ्या ठासून वरून काजूच्या टरफलाचं तेल चोपडतात. आजही चांगली बोट अशीच असते, पण वर दोन मजले, एसी, जनरेटर आणि पाण्याच्या टाक्या चढवल्या की वजन वर जातं. वरच्या डेकवर सगळ्यांनी एका कडेला गोळा होणं नको ते त्यामुळेच.

वाटसरू_४१२
बाप रे, भरपूर माहिती. सुरक्षिततेचं आणखी कुणी सांगेल का? पोर आहे सोबत. आणि हाउसबोट घेतलीच तर एजंटला नेमकं काय विचारू?

खारफुटी
बुकिंगआधी हे विचारा, आणि उत्तरं मेसेजवर लेखी घ्या:

नोंदणी क्रमांक. केरळच्या अंतर्देशीय बोटींचा क्रमांक केआयव्हीने सुरू होतो आणि बोटीच्या अंगावर रंगवलेला असतो. नुसतं नाव सांगणाऱ्याला क्रमांकाचा फोटो मागा.

परवानगी किती माणसांची? पोर धरून सहा, तर सहा.

एसी कधी? 'डीलक्स'मध्ये बहुधा रात्री ९ ते सकाळी ६ आणि तोही फक्त खोलीत. 'प्रीमियम'मध्ये पूर्ण वेळ. ही नावं एजंटांची आहेत, सरकारी नाहीत. सरकारी वर्गवारी गोल्ड स्टार, सिल्व्हर स्टार आणि पर्यावरणासाठी ग्रीन पाम.

रात्री वीज काठावरची की जनरेटरची? हा प्रश्न कोणी विचारत नाही आणि मग रात्रभर डोक्याशी जनरेटर घरघरतो. शेजारच्या बोटीचा जनरेटर कुणाच्याच हातात नसतो, म्हणून 'गर्दीच्या रांगेत बांधू नका' एवढं आधी सांगून ठेवा.

मैल्याची टाकी आहे का, उपसा कुठे करतात? उत्तर देताना समोरचा अडखळला तर दुसरी बोट बघा. हेच पाणी काठावरच्या घरांत भांडी घासायला वापरतात.

चढण्याची जागा कोणती? अलेप्पीत बहुतेक पुन्नमडाच्या फिनिशिंग पॉइंटवरून. तिथे एका बोटीवरून दुसरीवर, दुसरीवरून तिसरीवर असं फळीने जावं लागतं. ज्येष्ठ आहेत, धक्क्याला थेट लावलेली बोट मागा. चाकाच्या बॅगा निरुपयोगी, खांद्याच्या बॅगा घ्या.

नाताळ ते नववर्ष दर दुप्पटही होतात. तुम्ही त्याआधी जाताय, घासाघीस चालेल.

तांडेल
सुरक्षिततेत माझी भर. केरळातले मोठे अपघात बघा: २७ जुलै २००२ ला मुहम्माहून कुमरकमला जाणारी बोट बुडाली, २९ गेले. ७ मे २०२३ ला तानूरला २२ गेले. ती मासेमारीची होडी प्रवासी बोट करून घेतलेली होती, अंधार पडल्यावर निघाली होती. दोन्हीकडे क्षमतेपेक्षा जास्त माणसं. यातून तीन नियम निघतात: माणसं मोजा, मूळ बांधणी प्रवासी बोटीची आहे का बघा, आणि सूर्यास्तानंतर निघणाऱ्या कुठल्याही पर्यटक बोटीत बसू नका, भाडं निम्मं केलं तरी.

लाइफ जॅकेट: मुलाच्या मापाचं आहे का ते बुकिंगलाच विचारा. मोठ्याचं जॅकेट चार वर्षांच्या मुलाच्या डोक्यावरून निसटतं. घातल्यावर खांद्याला धरून वर ओढून पाहा; हनुवटीच्या वर सरकलं तर ढिलं आहे. शिकाऱ्यात आणि होडीत पूर्ण वेळ घाला. हाउसबोटीत ते पलंगाखाली दोरीने बांधून ठेवलेलं आढळतं. चढल्याबरोबर सोडवून बाहेर ठेवायला लावा. पुढच्या मोकळ्या डेकवरचा कठडा पोराच्या दृष्टीने फार विरळ असतो, नजर हवी.

सुपारीफूल
जेवणाचं राहिलं. शाकाहारी असेल तर 'व्हेज' एवढंच न सांगता 'मासे नको, अंडं नको, वेगळी कढई' असं सांगा. मिळेल ते चांगलं असतं: तोरण (खोबरं घातलेली सुकी भाजी), अवियल (खोबरं-दह्यातली मिश्र भाजी), सांबार, मोरू (ताक), पापड. रात्री चपाती. चारच्या चहाला पळमपोरी, म्हणजे पिकल्या नेंद्र केळ्याची भजी. पोर तेवढ्यावर खूश. सगळं खोबरेल तेलात. ज्यांना वास चालत नाही त्यांनी आधी सांगावं, ऐन वेळी दुसरं तेल बोटीवर नसतं.

मासे खाणाऱ्यांसाठी: पॅकेजमध्ये तळलेला करीमीन असतो, तो लहान. वाटेत बोट मासळीच्या दुकानाशी थांबवतात, तिथे मोठी कोळंबी दाखवतात. भाव किलोचा की नगाचा हे वजन करण्याआधी विचारा, आणि शिजवण्याचे वेगळे पैसे आहेत का तेही. नको असेल तर सरळ नाही म्हणा, कुणी रागावत नाही.

डास साडेसहा ते साडेआठ सर्वांत जास्त. त्या वेळी डेकवर दिवे कमी ठेवायला सांगा आणि पायांना मलम.

पानवेल
अरुंद कालव्यांसाठी माझं मत: शिकारा, सकाळी साडेसहाला, तीन तास. दर बोटीचा असतो, माणशी नाही. आधी पक्का करा. मार्ग सांगताना 'लहान तोडु हवेत, हाउसबोटींचा रस्ता नको' असं म्हणा (तोडु म्हणजे कालवा). कैनकरीच्या आतल्या बाजूला असे तोडु भरपूर. शिकाऱ्याला छप्पर आणि गादीच्या खुर्च्या असतात, ज्येष्ठांना चालेल. एका शिकाऱ्यात सहा जण आरामात.

वल्ह्याची होडी इंजिनाविना आणखी आत जाते, पण तळाशी किंवा बुटक्या पाटावर बसावं लागतं. गुडघे दुखणाऱ्यांना नको.

एर्नाकुळमकर
होडीच हवी असेल त्यांच्यासाठी अलेप्पीपेक्षा कोल्लमजवळचं मन्रो तुरुत्त. कल्लडा नदी अष्टमुडी कायलाला मिळते तिथली ही बेटं. बांबूने ढकलत नेतात, पूल इतके ठेंगणे की होडीत आडवं व्हावं लागतं. अष्टमुडीचं तोंड नींडकऱ्याला समुद्रात उघडतं, त्यामुळे इथे भरतीचा परिणाम आहे: पूर्ण भरतीला काही पुलांखालून जाता येत नाही, आणि पूर्ण ओहोटीला होडी चिखलात टेकते. भरतीचं कोष्टक नींडकऱ्याचं बघा, पण आत पाणी उशिरा चढतं हे धरून चाला. होडीवाल्याला विचारणं जास्त भरवशाचं.

कोल्लम–अलेप्पी आठ तासांची सरकारी पर्यटक बोटही आहे, पण वेळोवेळी बंद असते. तिच्यावर बेत आखू नका. आणि लहान मूल असेल तर आठ तास फार.

कुळागर
भरतीवरून: आपल्याकडच्यांना हे उलटं वाटतं. मालवणकडे पाणी दोन मीटरच्या आसपास चढतं-उतरतं, बोटीची वेळ भरती ठरवते. कोचीला जेमतेम मीटरभर, कुट्टनाडात त्याहून कमी. तिथे बोट भरतीसाठी थांबत नाही, थांबली तर जलपर्णीमुळे किंवा पुरामुळे. (गोव्यात मांडवी-जुवारी जोडणाऱ्या कुंभारजुवे कालव्यात ओहोटीला मगरी चिखलावर येतात. अलेप्पीत तसली भीती नाही, तरी पोहायला उतरू नका. बोटींची वर्दळ आणि पाण्याची प्रत, दोन्ही त्या लायकीची नाहीत.)

वाटसरू_४१२
मग असं ठरवतोय: पहिल्या दिवशी सकाळी शिकारा तीन तास, त्याच दुपारी हाउसबोट, रात्र तिथे. दुसऱ्या दिवशी नऊला उतरून साडेअकराच्या सुमाराची कोट्टयम बोट. ज्येष्ठ दोघं सामान घेऊन टॅक्सीने कोट्टयमला. बरोबर?

खारफुटी
बरोबर. फक्त पहिल्या दिवशी शिकारा अकराच्या आत संपवा. हाउसबोटीवर बाराला चढायचं असतं आणि तुमच्या उशिराचा तास परत मिळत नाही. परतीच्या सकाळी साडेआठलाच फिनिशिंग पॉइंटवर आणून सोडायची घाई करतात, कारण पुढची गिऱ्हाइकं येण्याआधी बोट धुवायची असते. 'नऊपर्यंत' हे आधी लेखी असू द्या.

एर्नाकुळमकर
एक राहिलं. जलपर्णी फार झाली किंवा उचलायच्या पुलांत बिघाड झाला की बोट कोट्टयमच्या कोडिमता जेटीपर्यंत न जाता अलीकडे कांजिरमला थांबते. अलेप्पीच्या खिडकीवर तिकीट काढतानाच 'आज कोडिमता की कांजिरम' विचारा आणि तेच नाव टॅक्सीवाल्याला कळवा, नाहीतर आजी-आजोबा एका जेटीवर आणि तुम्ही दुसऱ्या. कांजिरमहून शहरात जायला रिक्षा मिळते.